शेवटचा फर्मा

करंजपाड्याचे पोस्टकार्ड मंगळवारी, १८ जानेवारी १९८३ रोजी, दुपारच्या टपालाने आले. लेखक गुरुवारी येणार होते.

बाकीच्या तीन शाळांची कार्डे आठवडाभर आधीच आली होती. त्या तिन्ही शाळा नाशिक शहरातल्या. त्यांची कार्डे वळणदार अक्षरात, शिक्षकांनी तपासून, शाळेचा शिक्का मारून आलेली. 'आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?' हा प्रश्न तिन्ही कार्डांवर पहिला होता. लताबाई पगारेंनी ती टाचणी लावून फायलीत ठेवली होती आणि चौथ्या कार्डाची आशा जवळजवळ सोडली होती.

रविवार कारंजाजवळच्या गोदातट वाचनालयात लताबाई बालविभाग सांभाळत. 'लेखक आपल्या शाळेत' हा उपक्रम त्यांचाच. १९७९ साली आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या धामधुमीत तो सुरू झाला. बालवर्ष संपले, उपक्रम राहिला. पद्धत ठरलेली होती. महिनाभर आधी लेखकाची पुस्तके पत्र्याच्या पेटीतून शाळेत पाठवायची. मुलांनी ती वाचून पाच प्रश्न एका पोस्टकार्डावर लिहून पाठवायचे. कार्डे लेखक आल्याबरोबर त्याच्या हातात द्यायची. शेवटी लेखकाने वाचनालयाच्या अभिप्राय-वहीत प्रत्येक शाळेबद्दल चार ओळी लिहायच्या. फेब्रुवारीच्या सभेत त्या ओळी वाचून पुढच्या वर्षीच्या शाळा ठरत.

आतापर्यंत शाळा शहरातल्याच होत्या. खेड्यातली एक तरी घ्या, असे लताबाई दर सभेत म्हणत. त्या स्वतः दिंडोरीकडच्या एका वस्तीवर शिकल्या होत्या. पाठ्यपुस्तकात धड्याबरोबर लेखकाची जन्म-मृत्यूची साले छापलेली असत. त्यामुळे पुस्तके लिहिणारी माणसे सगळी वारलेलीच असतात, असे त्यांना सातवीपर्यंत खरोखर वाटे. हे त्यांनी सभेत कधी सांगितले नव्हते. यंदा कार्यवाह गायधनी नाना कंटाळून म्हणाले होते, "घ्या बुवा एक. पण एकच. लेखकाचा शेरा चांगला आला तर पुढचं बघू. नाही आला, तर परत हा विषय काढायचा नाही."

म्हणून करंजपाडा. कळवणच्या पुढे डोंगराच्या पोटाशी असलेले गाव, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, एसटी दिवसातून दोनदा. पेटीत 'बुधीची शेळी'ची एकच प्रत जाऊ शकली होती. बाकीच्या शहरात वाटून झाल्या होत्या.

लताबाईंनी कार्ड उभ्यानेच वाचले, मग बसून पुन्हा वाचले.

'१. बुधीचे नाव गाडीत बसल्यावर मंदा का झाले? २. गार्डसाहेबांनी बुधीला डब्यात घेतले, शेळीला का घेतले नाही? ३. आगगाडी टेकडीच्या मागे कोठे उभी राहते? आम्ही जाऊन पाहिले, दिसली नाही. ४. शेळी शेवटी कोणाकडे राहिली? ५. मागचे इंजिन पुढच्या इंजिनाला दिसत नाही, तर ढकलायचे केव्हा हे त्याला कसे कळते?' खाली मुख्याध्यापक गोरक्ष देवरे यांची सही, आणि बारीक अक्षरात एक ओळ: 'मुलांनी गोष्टीचे नाटक बसवले आहे. पाहुण्यांना दाखवू.'

'बुधीची शेळी'त आगगाडी नव्हती. गार्ड नव्हता आणि मंदाही नव्हती. बुधी नावाच्या मुलीची शेळी हरवते, ती दिवसभर शोधते, टेकडीवर चढून खाली पाहते, तर बाजाराच्या टेम्पोत शेळी उभी असते. बापाने ती विकलेली असते. बुधी घरी येते आणि दोरी खुंटीला टांगून ठेवते. गोष्ट संपते.

मंदा आणि गार्ड लताबाईंना माहीत होते. ते ल. गो. राजेबहादूरांच्या 'घाटातली गाडी'तले. एकाच प्रकाशकाची माला, एकच आकार, दोन्ही ऐंशी पानी. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचे नाव छापायची त्या मालेत पद्धत नव्हती. लताबाई उठून कपाटापाशी गेल्या, 'घाटातली गाडी' काढली आणि पाने उलटत चौसष्टाव्यापाशी थांबल्या. शेवटची ओळ होती: 'मंदाने डोळे मिटले. उघडले तेव्हा'. समोर पान पासष्ट: 'बाजारचा टेम्पो निघायच्या तयारीत होता. मागे चार शेळ्या बांधल्या होत्या.'

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, बालविभागाची फाटकी पुस्तके बांधणीला दिली होती. बांधणीची वही त्यांनी काढली. १२ जून, त्रेपन्न पुस्तके, सगळी एकाच दिवशी परत आलेली. शेवटच्या रकान्यात प्रत्येक पुस्तकासमोर 'तपासले' आणि सही. सही त्यांचीच. त्रेपन्नांपैकी किती पुस्तके आपण खरोखर उघडली होती, हे त्यांना आठवेना.

त्यांनी 'घाटातली गाडी'च्या मागच्या कव्हराच्या आत चिकटवलेला तारखांचा कागद पाहिला. जूनपासून ते पुस्तक अकरा वेळा घरी गेले होते. कोणीही तक्रार केली नव्हती.

*

बारकू बाइंडरचे दुकान भद्रकालीत, एका जिन्याखाली. खळीचा वास, मधोमध पुस्तके दाबायचा शिकंजा आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसलेला बारकू.

"बाई, बावीस वर्षं झाली," तो म्हणाला, "माझ्या हातनं पान इकडचं तिकडं झालेलं नाय."

लताबाईंनी पान पासष्ट उघडून पुढे धरले. बारकूने चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचता त्याला बेताचेच येत होते, पण कागद त्याला ओळखू येई. त्याने एकत्र शिवलेली शेवटची सोळा पाने, म्हणजे शेवटचा फर्मा, बोटांत चोळून पाहिला.

"हा फर्मा पिवळा हाय. बाकीचा पांढरा." त्याने मान हलवली. "ह्याचं धड त्याला न् त्याचं ह्याला. दोन्ही एकदमच उसवली आसतील. शेवटचे फर्मे खाली पडले आसतील, न् उचलताना झालं."

"मग मला सांगायचं नाही?"

"मला कळलं आसतं तर सांगितलं आसतं की. न् बाई, तुमी तपासलं म्हणून सही केली. मी निवांत. म्हटलं, बाईंची सही हाय म्हंजे देवाची सही."

लताबाईंनी पुस्तक मिटले.

"दोन्ही आणा," बारकू म्हणाला. "तासाभरात उसवून नीट लावून देतो."

"दुसरं करंजपाड्याला आहे."

"ते कुठशीक आलं?"

"ऐंशी-नव्वद किलोमीटर."

"मंग ऱ्हाऊ द्या," बारकू म्हणाला आणि पुन्हा सुई ओवायला लागला.

*

गायधनी नानांनी कार्ड वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले.

"खैरनारांचा स्वभाव माहीत आहे ना तुम्हाला?"

लताबाईंना माहीत होता. 'बुधीची शेळी'चे लेखक सा. भि. खैरनार त्रेसष्ट वर्षांचे होते, दादरला राहत आणि छापलेल्या अक्षराच्या बाबतीत कोणाचीही गय करत नसत. नगरला एका शाळेने त्यांच्या गोष्टीचा शेवट गोड करून नाटुकले बसवले होते. खैरनार पडदा पडल्यावर उठले आणि चहासुद्धा न घेता स्टँडवर गेले. ही हकीकत मराठी मुलांसाठी लिहिणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होती. राजेबहादूरांशी त्यांचे वीस वर्षे पटत नव्हते, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

"त्यांच्या गोष्टीला राजेबहादूरांचं शेपूट," नाना म्हणाले. "आणि त्याचं नाटक. वा! करंजपाडा रद्द करा. जीप बिघडली म्हणायचं."

"मुलं महिनाभर तयारी करताहेत, नाना."

"मुलांना काय, ती खेळतील."

"त्या मुलांनी चूक पकडलीय. नाव का बदललं ते विचारताहेत. आपल्याकडून पुस्तक अकरा वेळा घरी गेलं, एकानंही विचारलं नाही."

नानांनी चष्मा काढला. "त्या अकरांत दोनदा मीच नेलंय. नातवासाठी."

"काही म्हणाला?"

"चित्रं बघितली त्यानं." नानांनी कार्ड परत दिले. "बरं, जा. पण खैरनारांना तुम्ही होऊन काही सांगू नका. तिथं काही निघालंच, तर म्हणायचं, खेड्यातली मुलं आहेत, दोन पुस्तकांत गोंधळली. वाचनालयाचं नाव मध्ये यायला नको. लताबाई, तुमच्याच उपक्रमासाठी सांगतोय."

नाना वाईट मनाने बोलत नव्हते. लताबाई जागेवर येऊन बसल्या आणि कार्ड फायलीत न लावता पर्समध्ये ठेवले. मुलं गोंधळली असे म्हणायला एक वाक्य पुरे होते. ते ऐकून सगळ्यांनी मान डोलावली असती, आणि पुढल्या वर्षी खेड्याचा विषय निघाला असता तेव्हा तेच वाक्य पुन्हा पुढे आले असते.

*

खैरनार गुरुवारी सकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरले. उंच, किरकोळ, खादीचा लांब कोट, हातात एक पिशवी. बोलणे छापल्यासारखे शुद्ध.

दिवसभरात शहरातल्या तिन्ही शाळा झाल्या. पहिल्या शाळेत मुख्याध्यापकांनी ओळख करून देताना 'बावीस पुस्तकांचे लेखक' म्हटले, तेव्हा खैरनार बसल्या जागेवरून म्हणाले, "एकवीस." दुसऱ्या शाळेत एका मुलीने प्रेरणेचा प्रश्न पाठ केल्याप्रमाणे विचारला. खैरनारांनी विचारले, "प्रेरणा म्हणजे काय?" मुलीने शिक्षिकेकडे पाहिले. तिसऱ्या शाळेत त्यांनी उत्तरे दिली, सह्या दिल्या, श्रीफळ घेतले. परत येताना जीपमध्ये म्हणाले, "चौथे कार्ड कुठे आहे?"

"उद्या देते," लताबाई म्हणाल्या.

"आले आहे ना?"

"आलंय."

त्यांनी पुढे विचारले नाही. लताबाईंना वाटले, विचारले असते तर बरे झाले असते.

शुक्रवारी सकाळी सातला जीप निघाली. जीप वाचनालयाच्या एका सभासदाची, चालवणाराही त्यांचाच माणूस. लताबाईंच्या पिशवीत अभिप्राय-वही होती आणि 'बुधीची शेळी'ची एक धड प्रत, शेवटपर्यंत उघडून पाहिलेली. दिंडोरी गेली. द्राक्षांचे मांडव संपून उघडे माळ सुरू झाले. वणीला चहासाठी थांबले तेव्हा खैरनारांनी टेबलावर हात पालथा ठेवला आणि उलटा केला. तळहात वर. कार्ड मागितले जात होते.

लताबाईंनी कार्ड दिले.

खैरनारांनी पाचही प्रश्न वाचले. चहा तसाच राहिला.

"गार्ड कोण?"

"तो तुमचा नाही, सर."

"ते मला माहीत आहे."

मग लताबाईंनी सांगितले. जून महिना, त्रेपन्न पुस्तके, दोन फर्मे. कुठेही आवाज न चढवता, क्रमाने, तारखेसकट. बारकूचे नाव घेतले नाही. 'बाइंडरकडे अदलाबदल झाली आणि मी न पाहता सही केली' एवढेच म्हणाल्या.

"कोणाचा फर्मा?"

"राजेबहादूरांचा."

खैरनारांनी पोऱ्याला हाक मारण्यासाठी इकडेतिकडे पाहिले आणि शेवटी मालकालाच सांगितले, "दुसरा चहा. हा गार झाला."

"माझी चौसष्ट पाने कशी संपतात?" त्यांनी विचारले.

लताबाईंना ते पाठ होते. "'बुधी धापा टाकत टेकडीवर पोचली. तिने खाली पाहिले, तर'."

"आणि त्यांचे पासष्टावे?"

"'इंजिन उभे होते. शिट्टी झाली आणि जमीन थरथरली.'"

खैरनारांनी कपातून एक घोट घेतला. "जुळते," ते म्हणाले. ते शब्द त्यांना आवडले नव्हते हे उघड होते. "तपासून सही करणाऱ्या तुम्ही. मला सांगायचे ठरवले तेही तुम्हीच. सांगू नका असे कोणी म्हणाले नाही?"

"म्हणाले."

"हं." ते उठले. "मुलांना मात्र तुम्ही सांगायचे. मी सांगणार नाही."

"आधी की नाटक झाल्यावर?"

खैरनार जीपपाशी गेले. पाय वर टाकताना म्हणाले, "झाल्यावर. बसवले आहे ते होऊ द्या."

नगरच्या शाळेची हकीकत लताबाईंच्या डोक्यातून जाईना. पुढचा दीड तास त्या समोरच्या रस्त्याकडे बघत बसल्या.

*

शाळेपुढचे अंगण शेणाने सारवलेले होते. दोन बाजूंनी मुले बसलेली, मागे गावातल्या बाया आणि काही म्हातारे. गोरक्ष गुरुजी घाईघाईने पुढे आले. पस्तिशीचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेने.

"या सर. बाई, या. पोरं सकाळपासून तोंडं धुवून बसलीत. पुस्तक एकच, म्हणून मीच रोज चार-चार पानं वाचून दाखवायचो. शेवट तर तीनदा वाचायला लावला. गाडी कुणी बघितलेलीच नाही ना. इथून सरळ एसटी जाते ते स्टेशन म्हंजे नाशिक."

नाटक सुरू झाले. बुधी झालेली मुलगी पाचवी-सहावीतली, नाव चांगुणा. शेळी म्हणजे खरी शेळी होती. तिला अंगणाच्या कोपऱ्यातून हाकलायची होती आणि ती जात नव्हती, त्यामुळे हरवलेली शेळी शोधताना बुधीला तिच्याकडे पाठ करून उभे राहावे लागले. म्हातारे हसले. खैरनार हसले नाहीत.

मग टेकडी आली. दोन बाके एकावर एक. चांगुणा वर चढली आणि खाली पाहिले. दहा मुले एकमेकांच्या कमरेला धरून अंगणात आली. पुढच्याने शिट्टी मारली. सगळ्यात शेवटी, दोन हात अंतर सोडून, एक मुलगी वाकून ढकलल्यासारखी चालत होती. ते मागचे इंजिन. गार्ड झालेल्या मुलाच्या हातात लाल फडके होते. त्याने चांगुणाला वर घेतले, थांबवले, खिशातून तांदूळ काढले आणि तिच्या डोक्यावर टाकले.

"आजपासून तुझं नाव मंदा," गार्ड म्हणाला.

मागच्या बायांनी आपापल्या जागेवरून अक्षता टाकल्यासारखे हात केले. खैरनारांनी लताबाईंकडे वळून न पाहता विचारले, "हे राजेबहादूरांच्यात आहे?"

"नाही."

"माझ्यात तर नाहीच."

गाडी अंगणाभोवती दोन फेऱ्या मारून घाट चढली आणि इगतपुरीला थांबली. मंदा उतरली. नाटक संपले. शेळी तेवढ्यात पडदा म्हणून बांधलेल्या धोतराचा कोपरा खात होती.

टाळ्या थांबल्यावर लताबाई उठल्या. बोलायचे ठरवलेले सगळे त्यांच्या लक्षात होते, पण समोर चांगुणाच्या केसांत तांदूळ दिसत होते.

"मुलांनो, तुम्ही नाव का बदललं म्हणून विचारलंत. ते तुमच्या आधी कोणीच विचारलं नव्हतं. पुस्तक चुकीचं शिवलं गेलंय. पहिली चौसष्ट पानं सरांच्या गोष्टीची आहेत, शेवटची सोळा दुसऱ्या लेखकाच्या दुसऱ्या गोष्टीची. बांधून आल्यावर ते मी बघायला हवं होतं. न बघता सही केली. चूक माझी आहे."

गोरक्ष गुरुजींचा चेहरा उतरला. "मीच ओळखायला पाहिजे होतं," ते हळूच म्हणाले. "नाव बदललं तेव्हा पोरांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, लेखकांनाच विचारू. मग हीच चांगुणा म्हणाली, गुरुजी, माझ्या बहिणीचं लग्नात बदललं तसं गाडीत बसल्यावर बदलत असेल."

चांगुणा पुढे बसली होती. तिचे डोळे लताबाईंवर होते.

"म्हंजे दोन गोष्टी शेतस का?" तिने विचारले.

"हो. दोन."

"मंग गाडीनी सुरवात कोठे शे?"

लताबाई तिच्यापुढे वाकल्या. "नाशिकला," त्या म्हणाल्या. "कपाटात."

तेवढ्यात खैरनार उठले. त्यांनी लताबाईंपुढे हात केला, सकाळच्यासारखाच, तळहात वर. लताबाईंनी पिशवीतली धड प्रत दिली. खैरनार खुर्चीवर न बसता बाकाच्या टेकडीला टेकून उभे राहिले आणि पान पासष्टपासून वाचू लागले. ते चांगले वाचत होते. बाजारचा टेम्पो, मागे बांधलेल्या चार शेळ्या, त्यांतली एक ओळखीची. बापाने नजर चुकवली ते पान. शेवटी दोरी आणि खुंटी. वाचायला वीस मिनिटे लागली. मुले ऐकत होती. मागच्या बायांपैकी एकीने पदर तोंडाला लावला.

पुस्तक मिटून त्यांनी विचारले, "आता ही खरी गोष्ट. कशी वाटली?"

गुरुजी खुणावू लागले, "सांगा, चांगली वाटली म्हणा," तशी खैरनारांनी त्यांना हातानेच थांबवले.

चांगुणा म्हणाली, "बकरी इकतस हाई आमले माहीत शे. पन गाडी अशी घाट चढस, हाई माहीत नव्हतं."

गुरुजी दचकले. पाहुण्यांपुढे घरची भाषा बोलायची नाही, असे महिनाभर बजावले होते. त्यांनी तोंड उघडले, पण त्यांच्या आधी खैरनार बोलले. हीच भाषा बोलणाऱ्या सटाण्याजवळच्या ज्या गावात ते जन्मले, तिथून ते चाळीस वर्षांपूर्वी निघाले होते, आणि दोन दिवसांत लताबाईंनी त्यांच्या तोंडून एकही शब्द छापील मराठीबाहेरचा ऐकला नव्हता.

"माले भी नव्हतं माहीत," खैरनार म्हणाले.

चांगुणा हसली. मग सगळेच हसले, आणि प्रश्न सुरू झाले. शेळी शेवटी कोणाकडे राहिली, याचे उत्तर खैरनारांनी दिले: ज्याने विकत घेतली त्याच्याकडे, आणि तो तिला बरी वागवतो, हे पुस्तकात लिहायचे राहून गेले. बाकीच्या चार प्रश्नांना ते प्रामाणिकपणे 'मला माहीत नाही' म्हणाले. मागच्या इंजिनाला कसे कळते, हे नाशिकरोडला गाडीत बसण्यापूर्वी विचारून कळवतो, असे सांगितले आणि ते त्यांनी कोटाच्या खिशातल्या डायरीत टिपून घेतले.

*

अभिप्राय-वही खैरनारांनी परतीच्या वाटेवर मागून घेतली, पण जीप हलते म्हणून लिहिले नाही. संध्याकाळी नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसून लिहिले. मध्येच उठून एका गार्डशी बोलून आले. गाडी हलता हलता वही लताबाईंच्या हातात दिली.

"ठरल्याप्रमाणे चार शाळांचे लिहिले आहे," ते म्हणाले. "सभेत सगळे वाचा. मधले गाळू नका."

गाडी गेल्यावर लताबाई त्याच बाकावर बसल्या. शहरातल्या तीन शाळांबद्दल प्रत्येकी दोन ओळी होत्या. 'व्यवस्था उत्तम. मुले शिस्तीची.' चौथी नोंद अशी:

'करंजपाडा. येथील प्रतीत माझ्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा नाही. दुसऱ्या लेखकाचा आहे. चूक वाचनालयाची. ती मला आधी सांगण्यात आली. मुलांनी विचारलेल्या पाच प्रश्नांपैकी चारांची उत्तरे मला देता आली नाहीत. इतर तीन शाळांत मला उत्तर येत नाही असा एकही प्रश्न निघाला नाही. मला पुन्हा बोलवायचे असल्यास अशा शाळेत बोलवावे. मागच्या इंजिनाला पुढच्याच्या शिट्टीवरून कळते. हे मुलांना कळवावे.'

सभा फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी झाली. गायधनी नानांनी नोंदी वाचल्या आणि चौथीपाशी चष्मा वर केला.

"लताबाई, हा शेरा चांगला म्हणायचा की वाईट?"

"त्यांनी लिहिलाय तसाच म्हणायचा," लताबाई म्हणाल्या.

नानांनी 'अशा शाळेत बोलवावे' हे वाक्य पुन्हा वाचले. मग सभासदांकडे पाहिले. बराच वेळ कागद चाळून म्हणाले, "पुढच्या वर्षी खेड्यातल्या दोन. लिहून घ्या. पण ती दोन पुस्तकं आधी नीट बांधून घ्या. सभासदांच्या हातात जातात."

"ती नाही बांधायची, नाना."

"म्हणजे?"

"करंजपाड्याच्या प्रतीत शेळीची सुरुवात आहे आणि गाडीचा शेवट. आपल्याकडच्या प्रतीत गाडीची सुरुवात आणि शेळीचा शेवट. दोन्ही एका ठिकाणी ठेवली की दोन्ही गोष्टी पुऱ्या होतात. मुलीनं गाडीची सुरुवात मागितलीय."

नानांनी वही मिटली. मग म्हणाले, "नातवाला विचारतो, त्याला शेवट कळला होता का."

सोमवारी लताबाईंनी पत्र्याची पेटी काढली. 'घाटातली गाडी' पहिल्या पानापासून उघडली आणि एकेक पान उलटत ऐंशीव्यापर्यंत गेल्या. चौसष्ट आणि पासष्टच्या मध्ये एक चिठ्ठी ठेवली: 'इथून दुसरी गोष्ट. पुढचा भाग तुमच्या पुस्तकात. मागच्या इंजिनाला शिट्टीवरून कळते.' बांधणीच्या वहीत १२ जूनच्या 'घाटातली गाडी'च्या नोंदीसमोरचा 'तपासले' हा शब्द त्यांनी एका रेघेने खोडला, आजची तारीख घातली आणि पुन्हा लिहिला. मग पेटीला कुलूप लावून ती कळवणच्या एसटीवर पाठवून दिली.